दोन्ही ताप डासांचेच, मग औषधे वेगळी का?

प्रश्न : मलेरिया आणि डेंगी दोन्ही डास चावल्याने होतात. मग मलेरियावर गोळ्या आहेत, तशा डेंगीवर का नाहीत?

उत्तर : डास हा केवळ वाहक, आजार घडवणारे जीव अगदी वेगळ्या गटांतले आहेत.

मलेरियाचा प्लाझ्मोडियम हा एकपेशीय आदिजीव. १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना तो ॲनोफेलिस डासाच्या जठरात सापडला. माणसाच्या तांबड्या पेशीत शिरून तो हिमोग्लोबिन पचवतो. त्यातून उरणाऱ्या विषारी हीमची विल्हेवाट क्लोरोक्वीन रोखते आणि परजीवी मरतो.

डेंगीचा विषाणू एडिस डासातून येतो. त्याला ना पेशी, ना स्वतःचे चयापचय. तो आपल्याच पेशींची यंत्रणा वापरून वाढतो. त्यामुळे पेशीला धक्का न लावता त्याला गाठणे अवघड जाते. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, म्हणून इथे निरुपयोगी ठरतात. शिवाय या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा डेंगी झाला तरी दुसऱ्या प्रकाराची लागण होऊ शकते आणि ती अधिक गंभीर ठरू शकते.

त्यामुळे ताप आल्यावर रक्ततपासणी महत्त्वाची : मलेरियासाठी रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली, डेंगीसाठी पहिल्या काही दिवसांत एनएस१ चाचणी. डेंगीची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल आणि भरपूर द्रवपदार्थ घ्यावेत.