आधी काटा तपासा

लिनक्स कर्नलला पहिला पॅच पाठवायचा म्हटलं की नवी मुलं हमखास टेस्टकडे वळतात. कोल्हापुरात सुट्टीच्या दिवशी मी इंजिनिअरिंगच्या मुलांबरोबर बसतो, तिथेही हेच. मूळ कोडला हात लावायला भीती वाटते, टेस्ट बिनधोक वाटते. "सर, टेस्टच हाय की, कुणाचं काय बिघडतंय?" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचं उत्तर लिहूनच ठेवतो.

ऊस कितीही कसदार असू दे, काटाच मारत असेल तर हातात पडणारी पावती खोटीच. कर्नलमध्ये पास-नापासची पावती टेस्ट फाडते, आणि तो काटा सहसा कुणी तपासत नाही.

आमच्यातल्या एकाने प्रोसेसरची यादी वाचणारी टेस्ट लिहिली. ६४ बाइटचा बफर घ्यायचा, फाइल उघडायची, 'रीड'ला पूर्ण ६४ बाइट वाचायची मुभा द्यायची आणि जितके बाइट आले त्या क्रमांकाच्या खान्यात शून्य ठेवून मजकूर बंद करायचा. त्याच्या लॅपटॉपवर त्या फाइलीत '०-७' एवढाच मजकूर होता. टेस्ट पास. मित्रांनी पॅच वाचला, त्यांनाही काही खटकलं नाही. टेस्ट काय तपासते ते त्यांनी पाहिलं, कशी तपासते ते नाही.

स्वयंचलित रिव्ह्यूने मात्र शून्य ठेवणाऱ्या एका ओळीवर दोन आक्षेप घेतले. बफरचे खाने ० ते ६३. पूर्ण ६४ बाइट आले तर शून्य बफरच्या बाहेर पडतं. काही सर्व्हरवर हायपरथ्रेडिंग बंद केलं की यादी '०,२,४,६' अशी लांबत जाते, तिथे हे सहज घडेल. दुसरं, वाचन फसलं तर 'रीड' उणे १ देतं, म्हणजे शून्य बफरच्या आधीच्या बाइटवर पडतं. यातलं काहीही आमच्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं दिसलं नसतं.

मुलगा लगेच दुरुस्त करायला निघाला. मी म्हटलं, थांब, आधी चूक डोळ्यांनी बघ. बफर ४ बाइटचा केला, कारण '०-७' आणि ओळीचा शेवट मिळून नेमके चारच बाइट होतात. मेमरीतल्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून पुन्हा कंपाइल केलं, चालवलं आणि स्टॅक ओलांडल्याचा अहवाल ओळ क्रमांकासकट समोर आला. मग दुरुस्ती दोन मिनिटांची: बफरच्या आकाराहून एक बाइट कमी वाचायचा आणि उत्तर उणे आलं तर तिथेच टेस्ट नापास करायची.

सॅनिटायझरच पुरेसा असेल तर रिव्ह्यू कशाला, असं मुलं विचारतात. कर्नलच्या आतलं असंच साधन म्हणजे केसॅन. २०१५ साली, ४.० आवृत्तीत ते आलं. मेमरीच्या दर ८ बाइटमागे १ बाइटची नोंदवही ठेवून ते चुकीचा स्पर्श जागच्या जागी पकडतं. पण जो कोड चालला तेवढाच त्याला दिसतो. मेमरी मिळाली नाही, फाइल उघडली नाही, अशा वेळच्या वाटा रोज चालतच नाहीत, आणि चुका नेमक्या तिथे साठतात. कोड नुसता वाचणारी साधनं त्या वाटाही पाहतात. स्मॅच आणि कॉक्सिनेल हे काम बरीच वर्षं करताहेत. आता भाषा-मॉडेलवर चालणारे रिव्ह्यू आसपासची फंक्शन वाचून कारणही वाक्यांत मांडतात. वाक्यं सफाईदार असतात, आणि तिथेच सावध राहायला हवं.

आमच्यातल्याच एका मुलीची टेस्ट केयूनिट या टेस्ट-चौकटीतली होती. केयूनिट ५.५ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे आणि त्याच्या टेस्ट कर्नलच्या आतच चालतात. केसेल्फटेस्ट या कर्नलच्या दुसऱ्या टेस्ट-संचाचे बरेचसे प्रोग्रॅम बाहेर, वापरकर्त्याच्या बाजूला चालतात. तिथे मेमरी सोडायची राहिली तरी प्रोग्रॅम संपताच ती परत जाते. अशा गळतीवरून वाद घालण्यात मला रस नाही, दुरुस्त करावी आणि पुढे जावं. केयूनिटमध्ये तीच गळती मशीन पुन्हा सुरू करेपर्यंत राहते. रिव्ह्यूने तिला सांगितलं, 'केयूनिट_केझॅलॉक'ने घेतलेली मेमरी कुठेच सोडलेली नाही. वाक्य इतकं ठाम होतं की तिने शेवटी मेमरी सोडणारं 'केफ्री' घातलं. पण ही मेमरी टेस्ट संपल्यावर केयूनिट स्वतःच सोडतं. केसॅन लावून चालवताच दुहेरी सोडल्याचा अहवाल आला. नसलेला दोष काढायला गेलो आणि खरा दोष बसला.

त्याच रिव्ह्यूमधला पुढचा शेरा मात्र अगदी बरोबर होता आणि रागाच्या भरात ती तोही पुसणार होती. पॉइंटर रिकामा नाही ना, हे तिने 'एक्स्पेक्ट'ने तपासलं होतं. 'एक्स्पेक्ट' नापास झालं तरी टेस्ट पुढे चालते, आणि पुढच्याच ओळीत तो पॉइंटर वापरलेला. तिथे 'असर्ट' हवं, ते टेस्ट तिथेच थांबवतं. आणि 'असर्ट' वापरायचं तर मेमरी केयूनिटच्याच फंक्शनने घ्यायची, कारण टेस्ट मध्येच थांबली की शेवटच्या 'केफ्री'पर्यंत कुणी पोहोचतच नाही.

म्हणून प्रत्येक शेरा स्वतंत्रपणे तपासा. बाहेरच्या टेस्टला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, आतल्या टेस्टला केसॅन, गळतीचा संशय असेल तर केमेमलीक. चूक घडवता येत नसेल तर बफर लहान करा, किंवा फेलस्लॅब वापरून मेमरी मुद्दाम नाकारायला लावा. यासाठी वेगळं मशीन लागत नाही. केयूनिट क्यूएमू या आभासी मशीनमध्ये साध्या लॅपटॉपवरही चालतं, फक्त केसॅन लावल्यावर संथ होतं.

शेरा चुकीचा असेल तर गप्प बसू नका, का चुकीचा ते उत्तरात लिहा. बरोबर असेल तर साधनाचं श्रेय पॅचच्या संदेशातल्या 'रिपोर्टेड-बाय'मध्ये द्या. 'साइन्ड-ऑफ-बाय'खाली मात्र तुमचंच नाव जातं. प्रोसेसर-यादीची टेस्ट लिहिणाऱ्या मुलाच्या संदेशाचा पहिला मसुदा 'रिव्ह्यू टूलने सांगितल्यावरून दुरुस्ती' एवढाच होता. मी तो परत दिला. कोणत्या फाइलीतून किती बाइट आले की शून्य कुठे पडतं, ते लिहून आण म्हटलं.