अवजारावरील अधिकार

अवजार घडविणारा आणि वापरणारा यांची फारकत झाली, की साध्या दुरुस्तीसाठीही शेतकरी परावलंबी होतो. फ्रान्समधील ‘लातलिए पेइझां’ या संस्थेचा उगम ह्याच जाणिवेत आहे. सेंद्रिय भाजीपाला पिकविणाऱ्यांनी कायम वाफ्यांसाठी स्वतः जुळविलेल्या अवजारांच्या नोंदींपासून प्रारंभ होऊन २०११ मध्ये हे कार्य संस्थाबद्ध झाले. २०१४ मध्ये त्यास सहकारी रूप आले. आराखडे सर्वांस खुले आहेत. परंतु नुसता कागद पुरत नाही. म्हणून शिबिरांत शेतकरी स्वतः लोखंड कापतो, भोके पाडतो, सांधे जोडतो आणि तयार अवजार शेतावर नेतो; मोडल्यास ते कोठे जोडावे, हे त्यास ठाऊक असते. ट्रॅक्टर मात्र कारखान्याचाच. केवळ पर्यायी अवजारांनी शेतीव्यवस्था पालटत नाही, हे संस्थेने २०२१ च्या आपल्या पुस्तकात स्वतःच मांडले आहे.