घटक ६ : ऐकीव माहिती आणि कुटुंबातील माध्यमवाचन

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,
• प्रत्यक्ष पाहिलेली आणि ऐकीव माहिती यांतील भेद मराठी भाषा कसा दाखवते, ते सांगता येईल.
• फिरत्या संदेशांच्या भाषेची लक्षणे सोदाहरण स्पष्ट करता येतील.
• ‘आप्त’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करून घरात येणाऱ्या माहितीची पारख करता येईल.
• याविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी आणि मुलांशी त्यांचा मान राखून बोलता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वृत्तपत्रीय बातमीची भाषा अभ्यासली. या घटकात आपण आपल्या घरात येणार आहोत. सकाळचे वर्तमानपत्र, दूरचित्रवाणीवरील बातम्या आणि प्रत्येकाच्या हातातील मोबाईल अशा अनेक वाटांनी आज घरात मजकूर येतो. नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणारे आपण बहुधा घरातील मधल्या पिढीचे आहात. एका बाजूला आई-वडील वा सासू-सासरे, दुसऱ्या बाजूला मुले. दोन्हींकडून ‘हे खरं आहे का?’ हा प्रश्न आपल्याकडेच येतो.

हा प्रश्न किरकोळ नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होते आणि भिक्षेकरिता फिरत होते. मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश त्या परिसरात आधीपासून मोबाईलवर फिरत होते. ज्यांनी ते पुढे पाठवले, त्यांतील बहुतेकांना कोणाचे वाईट चिंतायचे नसावे. त्यांना आपल्या मुलांची काळजी होती. भीती खरी होती, माहिती खोटी होती. या दोहोंतील अंतर ओळखण्याचे एक साधन आपल्या मातृभाषेतच आहे. त्याचा परिचय करून देणे हा या घटकाचा हेतू आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ ‘म्हणे’चे कार्य

पुढील वाक्ये पाहा.
(अ) गावात टोळी आली.
(आ) गावात टोळी आली असावी.
(इ) गावात टोळी आली म्हणे.

पहिल्या वाक्यात बोलणारा घटनेची हमी देतो. दुसऱ्यात तो अनुमान करतो. तिसऱ्यात तो एवढेच सांगतो, की हे मी ऐकले आहे, पाहिलेले नाही. ‘म्हणे’ हे रूप ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आलेले आहे. ‘तो म्हणे’, ‘ते म्हणत’ अशा प्रयोगांत ते कर्त्यानुसार बदलते. परंतु ‘तो आला म्हणे’, ‘ते आले म्हणे’ येथे ते बदलत नाही. येथे त्याचे काम अव्ययासारखे झाले असून, विधान ऐकीव असल्याची खूण म्हणून ते वाक्याच्या शेवटी येते. तेच वाक्याच्या आरंभी आले, तर पुष्कळदा अविश्वास वा उपरोध सूचित होतो, उदा. ‘म्हणे, मोठा विद्वान!’

आपल्या आजीच्या बोलण्यात ही खूण सहज येते. ‘तिकडे पाऊस झाला म्हणे’, ‘त्यांच्या मुलीचं ठरलं म्हणे’. माहितीचा उगम आपल्याकडे नाही, हे ती प्रत्येक वाक्यागणिक प्रामाणिकपणे नोंदवते. ‘सांगोवांगी’, ‘कर्णोपकर्णी’, ‘कंडी पिकवणे’ हे शब्दप्रयोगही याच सावधपणाचे द्योतक आहेत. ‘अफवा’ हा शब्द मुळात अरबी असून तेथे त्याचा अर्थ ‘तोंडे’ असा आहे. अनेक तोंडांतून फिरते, ती अफवा.

६.३.२ फिरत्या संदेशाची भाषा

अभ्यासासाठी तयार केलेला पुढील नमुना वाचा.

‘सावधान! आपल्या भागात मुले पळवणारी टोळी आली आहे. आज सकाळी दोन मुलांना उचलले आहे. पोलिसांनी इशारा दिला आहे. सर्व गटांत लगेच पाठवा.’

यात चार गोष्टी लक्षात येतात.

पहिली, ‘म्हणे’ गळले आहे. लिहिणाऱ्याने स्वतः काही पाहिल्याची खूण नाही, तरी प्रत्येक वाक्य हमीचे आहे. पुढे पाठवणारा शब्द बदलत नसल्याने, ऐकीव गोष्ट शंभराव्या माणसाकडेही पाहिल्यासारखीच पोहोचते. तोंडी बोलण्यात आपोआप येणारी खूण येथे कोणीच जोडत नाही.

दुसरी, ‘आपल्या’ आणि ‘आज’ हे दर्शक शब्द आहेत. त्यांचा अर्थ बोलणारा, स्थळ आणि काळ यांवर अवलंबून असतो. साक्रीत ‘आपला भाग’ म्हणजे साक्री, सांगलीत सांगली. त्यामुळे हा संदेश कोणत्याही गावाला लागू पडतो आणि कधीही शिळा होत नाही.

तिसरी, ‘उचलले आहे’ या वाक्यात कर्ता नाही. कोणी उचलले, कोणाच्या मुलांना, हे सांगितलेले नाही. ‘पोलिसांनी’ म्हटले आहे, पण ठाण्याचा उल्लेख नाही. छापील वर्तमानपत्राशी तुलना करा. मुद्रक, प्रकाशक आणि छपाईचे ठिकाण छापण्याचे बंधन आपल्याकडे १८६७च्या कायद्यापासून आहे. वर्तमानपत्रातील तो बारीक टाइपातील मजकूर म्हणजे जबाबदार कर्त्याचे नाव होय. म्हणून छापलेले सर्वच खरे ठरते असे नव्हे. परंतु जाब कोणाला विचारायचा, हे तेथे ठाऊक असते.

चौथी, शेवटचे क्रियापद आज्ञार्थी आहे. बातमी माहिती देते. हा संदेश काम सांगतो, तेही ‘लगेच’. विचाराला अवधी मिळू नये, हाच त्या शब्दाचा परिणाम असतो.

चित्रफितीलाही हेच लागू आहे. त्या काळात देशात फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरील दोघे मुलाला उचलून नेताना दिसत. ती मुळात कराचीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार केलेली होती. शेवटी मुलाला परत आणले जाते आणि फलक दाखवला जातो. तेवढाच भाग कापून टाकलेला होता. ‘डोळ्यांनी पाहिले’ असे म्हणताना आपण संपूर्ण पाहिले का, हेही विचारावे लागते.

२०१८च्या जुलैमध्ये व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा घातली. एका अर्थी ही यंत्राने जोडलेली ‘म्हणे’ची खूण आहे. पण यंत्र संदेश फिरता आहे एवढेच सांगते. तो खरा की खोटा, हे ते सांगत नाही. तो निर्णय वाचणाऱ्याचाच आहे.

६.३.३ आप्त कोण?

न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. यांतील शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे वचन. आप्त म्हणजे ज्याला तो विषय स्वतः ठाऊक आहे आणि जो जसा ठाऊक आहे तसाच सांगू इच्छितो, तो. भाष्यकार वात्स्यायनांनी हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू केले आहे. म्हणजे सांगणाऱ्याची प्रतिष्ठा येथे कसोटी नाही.

मराठीत मात्र ‘आप्त’ म्हणजे नातलग. कुटुंबातील माध्यमवाचनाची खरी अडचण या दोन अर्थांच्या सरमिसळीत आहे. संदेश मामांकडून आला, म्हणून आपण तो मानतो. मामा नात्याने आप्त आहेत. त्या घटनेविषयी ते आप्त असतीलच असे नाही. प्रस्तुत लेखकानेही थोरल्या भावाने पाठवलेला एक औषधी उपाय न तपासता पुढे धाडला होता. तो खोटा निघाला, तेव्हा विश्वास भावावर होता, उपायावर नव्हता, हे ध्यानात आले.

राईनपाड्यात याची उलट बाजू दिसते. ते पाच जण कोण, हे सर्वांत नेमके तेच सांगू शकत होते. स्वतःविषयी आप्त तेच होते. पण परक्या माणसाच्या शब्दापेक्षा ओळखीच्या माणसाकडून आलेला निनावी मजकूर बलवान ठरला.

६.३.४ घरातील संवाद

‘हे खोटं आहे’ असे वडीलधाऱ्यांना तोंडावर सांगितल्यास वाद मजकुराचा न राहता मानाचा होतो. त्याऐवजी ‘म्हणे’ची खूण परत आणणारा प्रश्न विचारावा. उदाहरणार्थ,

‘आजोबा, हे कुणी पाहिलंय म्हणे?’
‘अगं, आपल्या वसंतानं पाठवलंय.’
‘वसंतकाकांनी स्वतः पाहिलं का?’
‘त्याला त्याच्या साडूनं पाठवलं असेल.’
‘मग काकांना फोन करून विचारू या का? तोवर पुढे नको पाठवायला.’

येथे नातीने आजोबांना खोटे पाडले नाही. माहितीचा उगम शोधण्याच्या कामात तिने त्यांना सोबत घेतले. मुलांच्या बाबतीतही हीच रीत उपयोगी पडते. मुलगा एखादी चित्रफीत दाखवील, तेव्हा मोबाईल काढून घेण्याआधी ‘याच्या आधी काय झालं असेल? नंतर काय?’ असे विचारावे.

मुलांविषयीची काळजी मात्र झटकून टाकू नये. खरोखर संशय आला, तर ११२ वर पोलिसांना किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे. भीतीला योग्य दार मिळाले, की ती जमावाकडे वळत नाही.

एक मर्यादाही ध्यानी घ्यावी. ‘म्हणे’ जोडले म्हणजे काहीही बोलण्याची मुभा मिळाली, असे नाही. कुचाळकीही ‘म्हणे’च्या आडूनच चालते. ही खूण स्वतःला शोधाची आठवण देण्यासाठी वापरावयाची आहे, जबाबदारी टाळण्यासाठी नव्हे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘तो आला असावा’ आणि ‘तो आला म्हणे’ यांतील अर्थभेद सांगा.
२. दर्शक शब्दांमुळे संदेश शिळा का होत नाही?
३. ‘आप्त’ या शब्दाचे दोन अर्थ कोणते?

६.४ सारांश

मराठी भाषा पाहिलेले, अनुमानिलेले आणि ऐकलेले यांत भेद करते. फिरत्या संदेशांत ऐकीवपणाची खूण गळते, दर्शक शब्द संदर्भ सोडून फिरतात आणि कर्ता लुप्त होतो. नात्यावरील विश्वास मजकुरावर उतरतो. वाचताना प्रत्येक विधानापुढे मनात ‘म्हणे’ जोडणे आणि ‘कोण म्हणे?’ असे विचारणे ही चिकित्सक माध्यमवाचनाची पहिली पायरी आहे.

६.५ पारिभाषिक शब्द

ऐकीव : दुसऱ्याकडून कळलेले, स्वतः न पाहिलेले.
दर्शक शब्द : बोलणारा, स्थळ, काळ यांनुसार अर्थ बदलणारा शब्द, उदा. मी, येथे, आज.
प्रमाण : यथार्थ ज्ञानाचे साधन.

६.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या कुटुंबाच्या गटात एका आठवड्यात आलेले पाच संदेश वहीत उतरवा. प्रत्येकातील कर्ता, दर्शक शब्द आणि आज्ञार्थी क्रियापदे अधोरेखित करा. नंतर योग्य तेथे ‘म्हणे’ जोडून ते घरातील मोठ्यांना आणि मुलांना वाचून दाखवा. त्यांच्या प्रतिक्रिया दहा ओळींत लिहा. लेखनात कोणाचेही नाव देऊ नये.