पिल्लाला शिकवावे कसे?



संक्रांतीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा सहावीतला एक मुलगा तीन दिवस भरलेला डबा तसाच घरी परत नेत होता. वर्गशिक्षिकांनी त्याला आमच्याकडे पाठविले. बराच वेळ तो गप्प होता, मग बोलला. थंडीत गल्लीतल्या कुत्रीला पिल्ले झाली होती, त्यातले एक त्याने घरी आणले. पिल्लू घरभर शी-शू करी. आईचा सगळा दिवस पोछा मारण्यात जाई. पंधराव्या दिवशी वडिलांनी पिल्लू पिशवीत घातले आणि दूरच्या भाजी मंडईत सोडून दिले. हे सांगून झाल्यावर मुलाने एकच प्रश्न विचारला, "सर, त्याला शिकवता आलं नसतं का?"

शिकवता आले असते. हेच उत्तर आम्ही त्याला दिले. पण असा प्रसंग आपल्या शाळेतल्या आणखीही काही घरांत येत असणार, म्हणून या अंकातला पाठ या विषयावर.

आधी आमची चूक

त्या पालकांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याही घरी मोती नावाचे पिल्लू आले होते. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने देवघराच्या उंबऱ्याशी शू केली. आमच्या आई सोवळ्याच्या. त्या म्हणाल्या, "आठ दिवस बघते. नाही सुधारलं तर हे घरात नको." घाईघाईने सुधारणा व्हावी म्हणून आम्ही वर्तमानपत्राची सुरळी करून त्याला दोनदा मारले आणि त्याचे नाक त्या ओल्या जागी टेकवले. असेच करायचे असते, हे आम्ही कुठेतरी ऐकले होते.

परिणाम लगेच दिसला. पिल्लाने आमच्यासमोर शू करणे बंद केले. आम्ही खूश. चार दिवसांनी लोखंडी कपाटामागून वास येऊ लागला, तेव्हा खरा प्रकार कळला. ते लपून करीत होते. जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "तुम्ही मारलंत, त्यातून ते काय शिकलं?" आम्ही गप्प. तेच पुढे म्हणाले, "माणसासमोर करायचं नाही, एवढंच शिकलं. कुठे करायचं, हे कुणी शिकवलंच नाही."

तीस वर्षे मुलांना शिकविणाऱ्याला हे एका पिल्लाकडून शिकावे लागले.

पिल्लाला काय कळते, काय कळत नाही

फरशी, सतरंजी आणि माती यांतला फरक पिल्लाला जन्मतः ठाऊक नसतो. मात्र जिथे झोपतो ती जागा शक्यतो घाण करायची नाही, ही ओढ त्याच्यात असते. सगळे शिक्षण याच ओढीवर उभे करायचे.

दुसरी गोष्ट शरीराची. लहान पिल्लाला लघवी धरून ठेवता येत नाही. साधारण अंदाज असा, की पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा. तितके तास ते फार तर धरू शकते. दोन महिन्यांचे पिल्लू म्हणजे जास्तीत जास्त तीन तास, तेही झोपेत. जागे असताना त्याला तासा-दोन तासांनी न्यावेच लागते. सकाळी आठला कुलूप लावून संध्याकाळी सहाला परतणाऱ्या घरात फरशी ओली झाली, तर तो पिल्लाचा अपराध नव्हे.

"पण चूक केली की ते कान पाडून, मान खाली घालून बसतं. म्हणजे त्याला कळतंच ना?" असे पालक म्हणतात. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळले, की कुत्र्याचा तो 'अपराधी' चेहरा त्याने चूक केली की नाही यावर अवलंबून नसतो, मालक रागावला की नाही यावर असतो. काही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचाही चेहरा तसाच होई. म्हणजे आपल्याला जो पश्चात्ताप वाटतो, ती भीती असते.

रोजचा क्रम

१. वेळ. झोपून उठल्याबरोबर, जेवणानंतर पाच ते तीस मिनिटांत, खेळ संपताच आणि रात्री निजण्यापूर्वी पिल्लाला ठरलेल्या जागी न्यावे. पहिले काही आठवडे रात्रीही एक-दोनदा उठावे लागते.

२. जागा. एकच जागा ठरवावी. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला मोहल्ल्यातल्या कुत्र्यांच्या जागी नेऊ नये, कारण पार्वोसारखा जीवघेणा रोग तिथून लागतो. तोवर गच्ची, अंगण किंवा गॅलरीत पसरलेले वर्तमानपत्र चालते. पुढे कागद थोडा थोडा लहान करीत बाहेर सरकवावा. किंचित ओला झालेला कागदाचा तुकडा नव्या जागी ठेवला, की वासावरून पिल्लाला जागा उमगते.

३. शब्द. तिथे नेल्यावर घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरावा, उदाहरणार्थ "चल, शू". आजी एक म्हणणार, दादा दुसरे, तर पिल्लाने कुणाचे ऐकावे?

४. शाबासकी. काम होताच, तिथल्या तिथे, कौतुक करावे आणि छोटासा खाऊ द्यावा. घरात येऊन दिलेला खाऊ घरात आल्याबद्दलचा ठरतो. काम झाल्याबरोबर लगेच घरातही ओढू नये; दोन मिनिटे खेळू द्यावे. नाहीतर शू केली की बाहेरची मजा संपते, असे समजून ते धरून ठेवायला शिकते.

५. नजर. जमीन हुंगणे, गोल गोल फिरणे, खेळता खेळता एकदम थांबणे, दाराकडे किंवा कोपऱ्याकडे जाऊन कुंईकुंई करणे, या खुणा दिसताच उचलून न्यावे. लक्ष ठेवणे शक्य नसेल तेव्हा खुर्च्या आडव्या लावून एक लहान कोपरा करावा आणि त्यात अंथरूण घालावे. कोपरा फार मोठा झाला तर पिल्लू एका टोकाला झोपते आणि दुसऱ्या टोकाला शू करते. तासन् तास बांधून मात्र ठेवू नये.

६. आहार. दिवसातून तीन-चार वेळा, ठरल्या वेळी खायला द्यावे. खाणे वेळेवर तर शी वेळेवर. आपल्याकडे प्रेमाने दूध-पोळी घालतात, पण पुष्कळ पिल्लांना गाईचे दूध पचत नाही. पोट बिघडलेल्या पिल्लाला कोणतीच शिस्त लागणार नाही. आपल्या इंदूरच्या सकाळच्या पोहे-जिलबीतही त्याला वाटेकरी करू नये. पोह्यांतला कांदा कुत्र्याच्या रक्ताला घातक असतो. पाणी तोडू नये, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

या क्रमाने बहुतेक पिल्ले चार ते सहा महिन्यांत चांगली तयार होतात, काहींना वर्षही लागते. मध्येच घसरण होते, ती होऊ द्यावी. बाराखडी एकदा आली तरी मुले 'ष' आणि 'श' यांत चुकतातच.

घरात झालेच तर

करताना पाहिले, तर हलकेच टाळी वाजवून "अरे अरे" म्हणावे, उचलून ठरल्या जागी न्यावे आणि उरलेले तिथे झाले तर शाबासकी द्यावी. नंतर सापडले, तर काहीही बोलू नये, फक्त पुसावे. मागच्या घटनेचा आत्ताच्या रागाशी पिल्लाला संबंध लावता येत नाही.

पुसण्यातही शास्त्र आहे. प्रथम जुने फडके किंवा कागद दाबून ओल टिपून घ्यावी. घासल्याने ती पसरते. वास राहिला तर पिल्लू पुन्हा तिथेच येते, कारण त्याचे नाक आपल्या नाकापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. साध्या टाइल्सवर व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन पुसावे. मात्र आपल्याकडे पुष्कळ घरांत कोटा फरशी किंवा संगमरवर असतो. हे चुन्याचे दगड आहेत आणि व्हिनेगरच्या आम्लाने त्यांची चकाकी जाते, ते खडबडीत होतात. तिथे साबणाचे पाणी वापरावे, किंवा जनावरांच्या सामानाच्या दुकानात मिळणारा एंझाइमयुक्त द्राव. एंझाइम वासाची मूळ द्रव्येच तोडून टाकतात. सतरंजीवर खाण्याचा सोडा भुरभुरावा, वाळल्यावर झटकावा आणि कडक ऊन द्यावे.

फिनाइलचा वास आपल्याला स्वच्छतेचा वाटतो, पण पिल्लू फरशी चाटते आणि फिनाइल पोटात जाणे त्याला धोक्याचे असते. अमोनिया असलेली औषधे टाळावीत, कारण त्यांचा वास लघवीशी मिळताजुळता असतो. आणि मुलांनो, ब्लीचिंगमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

शी मात्र तत्काळ उचलावी. पिल्लांच्या पोटात बहुधा गोल जंत असतात आणि शीतून त्यांची अंडी मातीत जातात. ती रोग लावण्याजोगी व्हायला काही दिवस लागतात, म्हणून त्याच दिवशी उचललेली शी निरुपद्रवी ठरते आणि पडून राहिलेली मुलांना बाधते. जंतांचे औषध वेळेवर द्यावे, हात साबणाने धुवावेत. आपल्या शहराने २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात पहिला क्रमांक मिळविला आणि पुढेही वर्षानुवर्षे टिकविला. दुसऱ्याच्या ओटल्यासमोर कुत्रे बसवून पुढे निघून जाणे आपल्याला शोभत नाही. पिशवी खिशात असावी.

कधी कधी पाहुणे आले किंवा कुणी वरून वाकून हात लावला, की पिल्लाची थोडी शू होते. ती भीतीची किंवा अति आनंदाची असते. रागावल्यास वाढते. खाली बसून, शांतपणे जवळ घेतल्यास वयाबरोबर जाते. वारंवार थेंब थेंब होत असेल, कुंथत असेल किंवा रक्त दिसले, तर तो आजार समजून डॉक्टरांना दाखवावे.

घरी आणण्यापूर्वी

आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकताही येत नाही. पहिली लस साधारण ६ ते ८ आठवड्यांची असताना आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. पिल्लू खेळताना चावले किंवा ओरखडले, तर मुलांनी मार बसेल म्हणून लपवू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणून रोज कोण उठणार, कोण पुसणार, हे आणण्यापूर्वीच घरात ठरवावे.

पिल्लापलीकडचा धडा

महाभारताच्या आदिपर्वात सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञस्थळी तिचे पिल्लू गेले आणि राजाच्या भावांनी त्याला मारले. पिल्लू रडत आईकडे आले. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, चाटलेही नव्हते. सरमेने जाऊन विचारले, "याचा अपराध काय?" कुणाजवळ उत्तर नव्हते. तेव्हा तिने शाप दिला, की तुमच्यावर अकल्पित भय येईल. आमच्या मोतीनेही आम्हाला तोच प्रश्न विचारला असता.

आपल्या शिशुवर्गात मावशींजवळ जादा कपड्यांची एक पेटी असते. नव्या मुलाचे कपडे ओले झाले, तर मावशी कुणाला कळू न देता ते बदलतात, फरशी पुसतात आणि मुलाला पुन्हा रांगेत बसवितात. आम्ही कधी त्यांना रागावताना पाहिले नाही. दिवाळीपर्यंत बहुतेक मुले स्वतःहून बोट वर करू लागतात. जी मुले घरी यासाठी मार खातात, ती मात्र बोट वर करीत नाहीत, ओल्या कपड्यांनी गुपचूप बसून राहतात. गुणपत्रिका दप्तराच्या तळाशी लपविणारी मोठी मुलेही आम्हाला याच जातीची वाटतात. पालकांनी यावर घरी विचार करावा. विश्वस्त मंडळास विनंती, की या सत्रात जनावरांच्या डॉक्टरांचे एक व्याख्यान शाळेत ठेवावे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन त्यास योग्य होईल.

मोतीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. आठ दिवसांची मुदत संपली तेव्हा तो सुधारलेला नव्हता. पण आई पहाटे पाचला सडा घालायला दार उघडीत. एके दिवशी त्या म्हणाल्या, "मी उठतेच आहे. सोडा त्याला माझ्याबरोबर." पाच महिन्यांनी पाच वाजता त्यांना मोतीच उठवू लागला.

सहावीतल्या त्या मुलाचे पिल्लू मात्र मिळाले नाही. त्याचे वडील दोनदा त्या मंडईत शोधून आले. तिसऱ्या वेळी मुलालाही बरोबर नेले. डबा तो आता खातो.

स्वाध्याय

१. घरी किंवा शेजारी पिल्लू असल्यास सात दिवस विज्ञानाच्या वहीत तक्ता करा: वेळ, त्याआधी काय केले (खाणे, झोप, खेळ), शी-शू कुठे झाली. आठव्या दिवशी त्यातून पिल्लाचे वेळापत्रक शोधा.

२. पाच महिन्यांचे पिल्लू जास्तीत जास्त किती तास लघवी धरू शकेल?

३. कोटा फरशीवर व्हिनेगर का वापरू नये? रसायनशास्त्राच्या आधारे सांगा. (नववी-दहावीसाठी)

४. मार खाल्ल्यामुळे तुम्ही एखादी गोष्ट शिकलात की लपविलीत? दहा ओळी लिहा. हे उत्तर तपासले जाणार नाही. वाटल्यास आई-वडिलांना दाखवा.