एडीएचडी असलेल्या मोठ्यांचा ऑनलाइन गट: खर्च किती, कशावर?

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, हे लहान मुलांचं काहीतरी, ही समजूत अजून पक्की आहे. त्यामुळे तिशी-चाळिशीत निदान झालेल्या माणसाला मोकळेपणाने बोलायला कुणी सापडत नाही. लखनौत राहून आपल्यासारख्यांचा ऑनलाइन गट जमवायचा तर किती पैसे लागतील? सुरुवातीला जवळपास काहीच नाही. पैसे जातात ते पुढे, आणि बरेचदा नको तिथे.

व्हॉट्सअ‍ॅप फुकट आहे, एका गटात १०२४ माणसं मावतात; पण तिथे प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. ऑफिसात कळू नये म्हणून जपणाऱ्याला हे चालणारं नाही. टेलिग्रामवर नंबर झाकता येतो, तेही फुकट. गट चालवणाऱ्याने मात्र वेगळं सिम घ्यावं. २८ दिवसांचं रिचार्ज २०० रुपयांच्या आसपास पडतं.

भेटीगाठींसाठी झूमचं फुकट खातं ४० मिनिटांनी बंद होतं. इतरांना ती अडचण, या गटाला ती सोय. कॅमेरा लावून सोबत बसायचं आणि प्रत्येकाने आपलं एक रखडलेलं काम काढायचं: कुणी विजेचं बिल भरतंय, कुणी पलंगावरच्या कपड्यांच्या ढिगाऱ्याच्या घड्या घालतंय, कुणी नुसतीच इन्कम टॅक्सची फाईल उघडून बसलंय. काय करणार ते आधी मोठ्याने सांगायचं, काय झालं ते शेवटी. वेळ संपली की झूमच उठवतं. सशुल्क खातं घ्यायचंच तर महिन्याचं घ्या. वर्षाचं स्वस्त दिसतं, पण उत्साह वर्षभर टिकत नाही आणि पैसे आपोआप कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कपातीच्या २४ तास आधी सूचना येते खरी; ती वाचून तिथल्या तिथे रद्द करणारा माणूस या गटात शोधावा लागेल!

खरा खर्च मानसशास्त्रज्ञाचा. महिन्यातून एक सत्र पुरे. तासाला साधारण १,००० ते २,००० रुपये धरा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, संकोच करू नका. बाकीचे आठवडे सदस्यांनीच चालवावेत. जगन्नाथ वाणी यांनी १९९७मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटांचा आधार हाच आहे: त्याच वाटेने गेलेल्यांनी एकमेकांशी बोलणं.

दोन ठिकाणी पैसे अजिबात देऊ नका. एक, ऑनलाइन 'चाचणी' घेऊन निदानाचं प्रमाणपत्र देणाऱ्यांना. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली सहा प्रश्नांची एएसआरएस चाळणी फुकट मिळते, आणि तीही निदान नव्हे. दोन, व्हिडिओवर एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट लिहून देतो म्हणणाऱ्याला. हे औषध कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, शेड्यूल एक्समध्ये आहे; २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ते असं लिहून देता येत नाही. त्यासाठी डॉक्टरसमोर बसावंच लागतं. लखनौत किंग जॉर्ज मेडिकल युनिव्हर्सिटीच्या (केजीएमयू) मनोविकार विभागाची ओपीडी खासगी दवाखान्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. गटात गोळ्यांची देवाणघेवाण नको, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून टाका. त्याखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. ती सेवा मोफत आणि चोवीस तास आहे.

संस्था नोंदवायची घाई नको. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे त्याला किमान सात जण लागतात, आणि दरवर्षीचे कागद भरणं हे या मंडळींचं बलस्थान नाही. प्रत्यक्ष भेटावंसं वाटलं तर हजरतगंजचं कॉफी हाउस आहे. ज्याचं बिल त्याने द्यावं.

दहा जणांचा सहा महिन्यांचा हिशेब असा: सिमचे सात रिचार्ज १,४०० रुपये, सहा सत्रांचे ६,००० ते १२,०००. म्हणजे माणशी महिना साधारण १२५ ते २२५ रुपये. याहून जास्त वर्गणी कुणी मागत असेल, तर भरण्याआधी हिशेब मागा.