भाटकाराची जमीन, मुंडकाराचं घर

प्रश्न : माझे मामा गोव्यात डिचोली तालुक्यात राहतात. घर आजोबांनी बांधलेलं, घरपट्टी मामांच्या नावावर. पण जमिनीच्या कागदावर नाव भाटकाराचं. आता भाटकाराच्या वारसांनी जमीन बाहेरच्या एका माणसाला विकली आणि तो घर खाली करा म्हणतो. त्याच्याकडे नोंदणी केलेलं खरेदीखत आहे. मग मामांना उठावंच लागेल का? आणि घर एकाचं, जमीन दुसऱ्याची, हे मुळात झालंच कसं?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : मामा कायद्याच्या अर्थाने मुंडकार असतील, तर उठावं लागणार नाही. खरेदीखत कितीही पक्कं असलं तरी नाही. ज्याच्या जमिनीत मुंडकाराचं घर आहे, तो त्याचा भाटकार. जमिनीचा मालक बदलला की भाटकार बदलतो. मुंडकार आहे तिथेच राहतो.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. माडांच्या, काजूच्या भाटाचा मालक बहुधा भाटात राहत नसे. राखण करायला, कोवळ्या माडांना पाणी घालायला, पडलेले नारळ गोळा करायला तिथेच राहणारं कुटुंब हवं असे. मग भाटकार एका कोपऱ्यात घर बांधायला जागा देई. मातीच्या भिंती, वर चुडतांचं शाकारणं. भाडं बहुधा नसे, कागद तर नसेच. भाटकाराकडे लग्नकार्य निघालं की राबायला जायचं, हे न सांगता ठरलेलं असे. पुढे मातीच्या जागी चिरे आले, चुडतांच्या जागी कौलं आली, सगळं मुंडकाराच्या पैशाने आणि घामाने. तरीही भाटकाराची मर्जी फिरली की तीन पिढ्यांचं घर एका शब्दावर सोडावं लागे. वीज घ्यायची तर भाटकाराची संमती, कौलं बदलायची तरी त्याचीच संमती. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, त्यात कुळा-मुंडकारांच्या मतांचा वाटा मोठा होता.

कुळांसाठी १९६४ मध्ये कायदा झाला. मुंडकारांना मात्र थांबावं लागलं. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा झाला आणि १२ मार्च १९७६ पासून तो लागू झाला. या कायद्यात ठरवून दिलेल्या कारणांखेरीज आणि त्यात सांगितलेल्या रीतीखेरीज मुंडकाराला घरातून काढता येत नाही; करारात, रूढीत किंवा दुसऱ्या कायद्यात काहीही म्हटलेलं असलं तरी. हा हक्क वारसाने पुढच्या पिढीकडे जातो. घराची दुरुस्ती करण्याचा, वीज-पाणी घेण्याचा हक्कही कायद्याने दिला.

आता मामा मुंडकार आहेत का, ते पाहू. भाटकाराच्या संमतीने घरात कायमचं राहणारा तो मुंडकार, मग तो भाटकाराची सेवा करत असो वा नसो. पण संमतीचा कागद कुणाकडेच नव्हता. त्यावर कायद्याने काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. कायदा लागू होण्याआधी किमान वर्षभर राहणं असेल आणि त्या काळात 'हा घुसखोर आहे' असं म्हणून भाटकाराने कोर्टात जाऊन हुकूमनामा मिळवलेला नसेल, तर संमती होती असंच धरायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाकडून कागद मागण्याऐवजी कायद्याने भाटकाराच्या तेव्हाच्या मौनालाच साक्षीला बोलावलं.

काही जण यातून वगळले आहेत. भाटकाराच्याच घरात भाडं देऊन राहणारा, त्याच्या वाड्याच्या आवारात राहणारा पगारी नोकर, त्याचं बंद घर सांभाळायला ठेवलेला माणूस, हे मुंडकार नव्हेत. मामांचं घर आजोबांनी स्वतः बांधलेलं आहे, त्यामुळे त्यांची बाजू भक्कम दिसते.

घराबरोबर भोवतालची जमीनही येते. पंचायत क्षेत्रात घराच्या बाहेरच्या भिंतीपासून ५ मीटरपर्यंत, किंवा घराखालच्या जमिनीसह ३०० चौरस मीटर. यातलं जे जास्त भरेल ते मुंडकाराला निवडता येतं. शहरी भागात हेच आकडे २ मीटर आणि २०० चौरस मीटर असे आहेत.

इथे बहुतेक कुटुंबं थांबतात, आणि मला काळजी वाटते ती इथेच. न काढण्याचं संरक्षण म्हणजे मालकी नव्हे. मामलेदाराकडून आधी मुंडकार असल्याचं जाहीर करून घ्यायचं, नोंदवहीत नाव लावायचं, मग ठरेल ती किंमत भरून घर आणि ती जमीन विकत घ्यायची. हा हक्क कायद्यात आहे. पण भाटकार चांगला आहे, काही बोलत नाही, म्हणून अर्ज राहून जातो. तो गेल्यावर वारस येतात, जमिनीचे भाव चढलेले असतात, आणि जे पंचवीस वर्षांपूर्वी निवांत झालं असतं ते नोटीस हातात घेऊन धावपळीत करावं लागतं. मामलेदार कचेऱ्यांत अशी प्रकरणं वर्षानुवर्षं पडून राहतात, हा तर उघड अन्याय आहे. वेळेवर न मिळालेल्या हुकुमाचा फायदा नेहमी पैसेवाल्यालाच होतो.

तुमच्या सिंधुदुर्गातही याचं भावंड आहे. १९४८ च्या कुळकायद्याची कलमं १६ ते १८ पाहा. कुळाने स्वतःच्या खर्चाने मालकाच्या जागेत बांधलेल्या घराला तिथेही संरक्षण आहे, आणि मालकाने ती जागा विकायला काढली तर घेण्याचा पहिला हक्क कुळाचा. कलम १८ ने तर हेच संरक्षण शेतमजुरांच्या आणि कारागिरांच्या घरांनाही दिलं.

मामांना एवढं सांगा. एक-चौदाचा उतारा काढा आणि त्यातला 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. १९७० च्या दशकातल्या मोजणीत तिथे अनेकांच्या घरांची नोंद झालेली आहे. आजोबांच्या नावाची नोंद सापडली तर फार मोठं काम झालं. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, मतदारयादी, आजोबांच्या नावाचं रेशनकार्ड एकत्र करा. गावातल्या जुन्या माणसांचे जबाब ती हयात आहेत तोवर घ्या. नव्या मालकाने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर, विशेषतः 'मी भाडेकरू आहे' किंवा 'तात्पुरता राहतो आहे' अशा मजकुरावर, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि मामलेदाराकडचा अर्ज याच महिन्यात करा.