आजचं चिंतन: सात रेघा आणि धुतलेली विभूती (गुरुचरित्र, अध्याय २७-२८)



सात दिवसांचं पारायण करणाऱ्यांना हा भाग तिसऱ्या दिवशी येतो. दोन गर्विष्ठ विद्वान गाणगापुरात येऊन जयपत्र मागतात. श्रीगुरू स्वतः वाद घालत नाहीत. रस्त्याने चाललेल्या एका माणसाला बोलावून घेतात. तू कोण, असं विचारल्यावर तो जात सांगतो, गावाबाहेर राहतो म्हणतो. नाव सांगत नाही. पोथीही त्याला ‘पतित’ म्हणूनच ओळखते. मग सात रेघा काढल्या जातात. एकेक रेघ ओलांडताना त्याला एकेक मागचा जन्म आठवतो, आणि शेवटी विभूती अंगावर पडल्यावर तोच माणूस वेद म्हणू लागतो.

कीर्तनात गोष्ट बहुतेक इथेच थांबते. पोथी थांबत नाही. त्याची विभूती धुतली जाते, तो सगळं विसरतो आणि जुन्याच ओळखीने घरी जातो. हा जन्म का मिळाला, याचं उत्तर अध्याय २८ मध्ये कर्मविपाक म्हणून येतं. खरं सांगायचं तर इथे मी दरवर्षी अडखळतो. स्वतःच्या कर्माचा हिशोब स्वतः मांडणं ही साधना आहे. पण दुसऱ्याचा जन्म बघून त्याच्या कर्माचा हिशोब आपण मांडला, की गडबड सुरू होते.

ही गडबड आपल्याकडे कायदा होऊन बसली होती. श्रीगुरूंचं जन्मस्थान कारंजा, म्हणजे आपला वाशीम जिल्हा. तिथे आणि शेजारच्या अमरावतीत फासेपारध्यांचे बेडे आहेत. फासे लावून तितर-बटेर धरणारी ही माणसं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ पासून तो देशभर लावता येऊ लागला. त्यामागचा युक्तिवाद असा, की सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर! एखादी जमात यादीत आली की नोंदणी, हजेरी, गाव सोडायला पास. आणि त्या घोषणेविरुद्ध कोर्टात दादही मागता येत नव्हती. म्हणजे गुन्हा नंतर, गुन्हेगार आधी.

आयटीवाल्यांना हे लगेच कळेल. एखाद्या मॉडेलला जुन्या अटकांचा डेटा दिला, तर ते ज्यांना आधी पकडलं त्यांच्याकडेच पुन्हा बोट दाखवतं. बेड्यावर तेच होतं. गावात चोरी झाली की संशय पारध्यावर, म्हणून चौकशी तिथे, म्हणून नोंदी तिथल्याच, आणि नोंदी आहेत म्हणून पुढचा संशय. काम कोण देणार? जंगलातली शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली. सगळ्या वाटा बंद झाल्यावर एखादा खरंच चोरी करतो, आणि मग आपण म्हणतो, ‘बघा, म्हटलं नव्हतं!’ हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हेच मांडलं: वाकडेपणा नुसत्या कृतीत नसतो, समाज ज्याच्यावर शिक्का मारतो तो ‘वाकडा’ ठरतो.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. यादीतल्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आणला, आणि जुना संशय नव्या नावाने चालू राहिला. तुरुंगांच्या नियमावल्यांत तर या जमातींबद्दलचे उल्लेख इतके टिकून होते, की ते ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावे लागले. बहात्तर वर्षं! विभूती लागली होती, पण धुणारे हात भरपूर होते.

कारंज्याजवळच, पण अमरावती जिल्ह्यात, मंगरूळ चव्हाळा हे गाव आहे. तिथे फासेपारधी समाजातल्याच मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडून, भीक मागणारी मुलं गोळा करून शाळा काढली. तिचं नाव ‘प्रश्नचिन्ह’. पुढे २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात शाळेचं ग्रंथालय पाडलं गेलं. नागपूर-मुंबई रस्ता सुसाट झाला, हे आपण सगळे सांगतो. त्याखाली काय होतं, हे कमी जणांना ठाऊक आहे.

आज अध्याय २७ वाचाल तेव्हा एक करून बघा. ‘पतित’ हा शब्द आला की क्षणभर थांबा आणि विचारा, याचं नाव काय असेल? आणि जमलंच तर तोच प्रश्न सोसायटीच्या गेटवर, रजिस्टरमध्ये नुसतं ‘कामवाली’ लिहिलेल्या ओळीसमोर विचारा.

उद्या अध्याय २९, भस्माचा महिमा.